सल्ला, सत्ता आणि स्त्रियांची मंडळे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातील एखाद्या विषयावर लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मी 'सरकारी समित्या' हा विषय निवडला. हे वाचून पुष्कळ भगिनींना हसू येईल, याची मला कल्पना आहे. समिती नेमायची, अहवाल मागवायचा आणि तो कपाटात ठेवून द्यायचा, असा या समित्यांचा लौकिक. आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. तथापि स्त्रियांच्या समानतेविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या समित्यांचा गेल्या शंभर वर्षांचा वृत्तान्त पाहिला, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अशा समितीला हुकूम करण्याची सत्ता नसते. तिने विचारावे, मोजावे आणि लिहावे, एवढेच तिचे काम. त्या लिहिण्याचे पुढे काय होते, हे बाहेरच्या स्त्रिया किती जाग्या आहेत यावर पुष्कळसे अवलंबून असते. या वृत्तान्ताचा आरंभ आपल्या पुण्यापासूनच करता येतो.

मार्गारेट कझिन्स यांच्या आवाहनातून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास, फर्ग्युसन महाविद्यालयात भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या. परिषदेचा विषय होता स्त्रीशिक्षण. परंतु शिक्षणाची गोष्ट काढताच बालविवाहाची गोष्ट निघणे अपरिहार्य होते. दहाव्या-अकराव्या वर्षी जिचे लग्न व्हायचे, तिची शाळा पुरी व्हायची कशी? पुढच्याच वर्षी, १९२८ साली, सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी हे तिचे अध्यक्ष असल्यामुळे ती 'जोशी समिती' म्हणूनच ओळखली गेली. तिच्या सभासदांत रामेश्वरी नेहरू होत्या. समितीने प्रश्नावली पाठविली, गावोगावी साक्षी घेतल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी सारडा कायदा संमत होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरले, आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. अंमलबजावणी दुबळी होती हे खरेच. पण समितीचे काम आणि कायदा यांत इतके थोडे अंतर फारच क्वचित दिसते. याचे एक कारण असे की, समिती काम करीत असताना महिला परिषदेच्या कार्यकर्त्या सभा घेत होत्या, कायदेमंडळाच्या सभासदांना भेटत होत्या आणि त्यांचा पाठिंबा मागत होत्या.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू असताना पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. स्वराज्य मिळाल्यावर देशाची घडी कशी बसवायची, याचा विचार तिने आधीच करावयाचा होता. ती सरकारने नेमलेली नव्हती. पण होऊ घातलेल्या राष्ट्रीय सरकारचा सल्लागार हेच तिचे स्वरूप होते. तिच्या अनेक उपसमित्यांपैकी एक, १९३९ साली नेमलेली, 'नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेतील स्त्रीचे स्थान' या विषयावर होती आणि तिच्या अध्यक्षा होत्या ग्वाल्हेरच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि महिला परिषदेच्या अग्रणी कार्यकर्त्या होत्या.

या उपसमितीने काय सांगितले ते आजही थांबून वाचावे असे आहे. स्त्रीचा विचार केवळ कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून न करता, एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून व्हावा. समान कामाला समान वेतन असावे. कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे असावीत. आणि सर्वांत धीट शिफारस घरकामाविषयीची होती. घरात राबणाऱ्या स्त्रीच्या कामाला पैशांत मोल नसले तरी ते देशाच्या संपत्तीत भर घालणारे काम आहे. म्हणून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या काही भागावर तिची पूर्ण सत्ता असावी आणि पतीच्या मालमत्तेत तिला हिरावून घेता न येणारा वाटा मिळावा! १९४० च्या सुमारास हे लिहिले गेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

हा अहवाल १९४७ साली छापून निघाला. त्या वर्षी देश फाळणीच्या वणव्यात होरपळत होता. अशा वेळी तो वाचायला कोणाला सवड असणार? पुढे १९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना आली, तेव्हा स्त्रियांचा विचार मुख्यतः 'कल्याणा'च्या सदराखाली झाला. कमावती, हक्कदार व्यक्ती ही राणीसाहेबांच्या समितीने रेखाटलेली स्त्री मागे पडली, आणि तो अहवाल कित्येक दशके अभ्यासकांच्याही नजरेआड राहिला. कोणी तो फेटाळला असे नाही; त्याचा पाठपुरावाच कोणी केला नाही.

मालमत्तेचा प्रश्न तेवढा दुसऱ्या वाटेने पुढे गेला. हिंदू कायद्यातील सुधारणेसाठी नेमलेल्या राव समितीचे एक सभासद पुण्याच्या विधि महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. या समितीच्या मसुद्यावर देशभर कडाक्याचा वाद झाला. त्यातून शेवटी १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने बसली नाही. ती महाराष्ट्रात बसली १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली.

यानंतरची समिती स्वतंत्र भारताच्या सरकारने २२ सप्टेंबर १९७१ रोजी नेमली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६७ मध्ये स्त्रियांविषयीच्या भेदभावाविरुद्ध जाहीरनामा काढला होता. डॉ. फुलरेणू गुहा अध्यक्षा, मुंबईच्या कामगार पुढारी मणिबेन कारा, कायद्याच्या अध्यापिका लतिका सरकार अशी मंडळी तीत होती. पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. राज्यघटनेने समानता दिली आहे, मुली शिकू लागल्या आहेत, तेव्हा सारे हळूहळू ठीकच होत असणार, असा त्या काळी सुशिक्षितांचा समज होता. समितीने आकडे मांडले आणि तो समज ढासळला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली त्या ९३० उरल्या होत्या. साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा १९ देखील नव्हते. 'समानतेकडे' या नावाचा हा अहवाल १९७४ च्या अखेरीस पुरा झाला.

या समितीतील एक मतभेद मुद्दाम सांगण्याजोगा आहे. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात का, हा प्रश्न निघाला. स्वातंत्र्यापूर्वी, १९३१ साली, महिला परिषदेसह प्रमुख स्त्रीसंस्थांनी राखीव जागा नाकारल्या होत्या. आम्हांला मेहेरबानी नको, समान संधी हवी, अशी त्यांची स्वाभिमानी भूमिका होती. १९७४ च्या समितीतील बहुमतही राखीव जागांच्या विरुद्धच गेले. परंतु लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. पंचवीस वर्षे समान संधी कागदावर असूनही निवडून येणाऱ्या स्त्रिया मूठभरच, हे त्यांना डोळ्यांआड करता येईना. खेड्यात स्त्रियांच्या पंचायती असाव्यात, ही शिफारस मात्र समितीनेच केली होती.

हा अहवाल कपाटात राहिला नाही. १९७५ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली. आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी त्याच वर्षी स्त्रियांच्या घटत्या प्रमाणाच्या कारणांवर लेख लिहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यातच स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखल्या, १९९३ मध्ये घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश झाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. आपल्या पेठेची नगरसेविका आज सहज बोलून जाते, तिच्यामागे हा एवढा पल्ला आहे. लोकसभा व विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, तीही जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांच्या अटीवर. दोघींनी भिन्नमत नोंदविल्याला तेव्हा एकोणपन्नास वर्षे होत आली होती!

आणि घरकाम? २०१९ च्या सरकारी पाहणीत असे दिसले की, घरची बिनपगारी कामे करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यांत घालवितात, पुरुष ९७. म्हणजे राणी राजवाडे यांच्या समितीने ज्याला मोल द्या म्हटले, ते निदान घड्याळाने मोजले गेले. पतीच्या मालमत्तेतील वाट्याची त्यांची शिफारस मात्र तशीच पडून आहे.

राज्य महिला आयोग महाराष्ट्रात १९९३ पासून आहे, आणि समित्या तर होतच राहतील. त्यांच्याकडून फार अपेक्षा धरू नये, असे म्हणणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे की, अपेक्षा आपण आपल्याकडूनही धरावी. हळदीकुंकू, सहल, पाककृतींची स्पर्धा हे सारे आपण हौसेने करतो, ते करावेच. पण वर्षातून एक दुपार अशा एखाद्या अहवालाच्या वाचनासाठी राखून ठेवू या. आपल्या भागात किती मुलींची शाळा सुटली, किती जणींचे नाव घराच्या कागदावर आहे, याची साधी नोंद मंडळाच्या वहीत करू या. उद्या एखादी समिती विचारावयास आली, तर उत्तर देण्यासाठी आपल्याजवळ ती वही असेल; आणि कोणी आलेच नाही, तर ती वही घेऊन आपणच जाऊ या.