आगीशी हयगय : कलम २८५ आणि मुंबईतील एक खटला

१८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंड संहितेत एक चमत्कारिक उणीव होती. आग किंवा ज्वालाग्राही पदार्थ हयगयीने हाताळून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा कलम २८५ नुसार गुन्हा होता. स्फोटकांसाठी शेजारीच कलम २८६ होते. पण तशाच हयगयीने माणूस मेला, तर त्या मृत्यूसाठी वेगळे कलम नव्हते. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात तशी तरतूद होती; ती अंतिम संहितेत आली नाही. १८७० मध्ये ती कलम ३०४-अ म्हणून घातली गेली.

पुढे ही दोन्ही कलमे एकाच घटनेत लागू लागली, आणि २८५ हे ३०४-अ चे धाकटे भावंड आहे असा समज रुजला. तो बरोबर नाही. २८५ मध्ये कोणी मरावे किंवा जखमी व्हावे लागत नाही; संभाव्य धोक्याविरुद्ध पुरेशी काळजी न घेणे एवढ्यानेच गुन्हा पूर्ण होतो. (वर्कशॉपमध्ये दर सत्राला ऐकू येणारे "सर, पण काही झालं तर नाही ना?" हे उत्तर या कलमापुढे चालत नाही.)

कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला या दृष्टीने मुळातून वाचावा. मुंबईतील रंगाच्या एका कारखान्यात बर्नरवर डांबर वितळवून त्यात टर्पेंटाइन मिसळत. त्याच खोलीत टर्पेंटाइन आणि व्हार्निशचा साठा होता. बर्नर वापरण्याचा परवाना नव्हता. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, आणि वितळलेले डांबर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते. म्हणून ते निवू देणे अत्यावश्यक. २० एप्रिल १९६२ रोजी कामगाराने ते पुरेसे निवण्याआधीच टर्पेंटाइन ओतले. फेस उसळून बाहेर आला, साठ्याने पेट घेतला आणि सात कामगार मृत्युमुखी पडले.

व्यवस्थापक असलेल्या भागीदाराला कनिष्ठ न्यायालयात दोन्ही कलमांखाली दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३०४-अ मधून त्याला मुक्त केले. मृत्यूचे थेट कारण घाईने ओतलेले टर्पेंटाइन होते, आणि ते त्याने ओतले नव्हते. बर्नर तिथे नसते तर आग लागली नसती, एवढा संबंध न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. २८५ खालची शिक्षा मात्र कायम राहिली, कारण साठ्याच्या खोलीत बर्नर चालू देणे ही त्याची स्वतःची हयगय होती. तर्क निर्दोष आहे, तरी मला तो अस्वस्थ करतो: खोलीची रचना ठरवणाऱ्याकडे मृत्यूंची जबाबदारी आली नाही.

२८५ ची कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा १००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १८६० साली ही रक्कम मोठी होती. १९६२ मध्येही कायद्यात तीच होती आणि २०२४ पर्यंत तीच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम २८७ झाले. हयगयीने होणाऱ्या मृत्यूची कमाल कैद दोन वर्षांवरून पाच झाली. आगीच्या हयगयीचा दंड २००० रुपये झाला. कैद सहा महिनेच आहे.