आधी उंदीर पडतो

निडीच्या आमच्या घरात कणगीशी मेलेला उंदीर दिसला, की आजी आधी मुलांना बाहेर काढी. ‘उंदीर पडला’ हे तिचे शब्द प्लेगच्या काळातले, हे मला फार उशिरा कळले.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. घरझडत्या झाल्या, माणसे छावण्यांत गेली. सारा पहारा माणसांवर. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवले, पण ते मान्य व्हायला १९०५नंतरचे परळचे प्रयोग लागले. उंदीर मेला, की पिसवा माणसाकडे वळतात. उंदीर पडताच घर सोडून माळावर झोपड्या घालणाऱ्यांनी कारण नाही, पण क्रम अचूक हेरला होता.

आज कोकणातल्या भातखाचरांत उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पायाची साधी चीरही त्याला पुरते. आपण मात्र ताप आल्यावर जागे होतो. आजी उंदरापासून सुरुवात करी.