रात्री दीडची बर्लिन गाडी

पुण्यात रात्रीचा दीड वाजलाय. सोसायटीचा वॉचमन खुर्चीत पेंगतोय, पंखा कुरकुरतोय, आणि लॅपटॉपच्या उजेडात तुमची बोटं निळसर दिसतायत. बर्लिनमध्ये आत्ता दहा, कॅलिफोर्नियात दुपारचा एक. तुम्ही निघालात तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं, कारण ‘सेकंड लाइफ’ हे इंटरनेटवरचं आभासी जग २००३ साली सुरू करणारी लिंडन लॅब ही कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. साल मात्र १९२९.

पोचल्या पोचल्या तुम्ही ढग असता. अक्षरशः. शरीर अजून उतरायचं असतं, तोवर तुमच्या जागी पांढुरका धूर घुटमळतो. भिंती आधी करड्या, मग त्यांवर विटा उगवतात, मग जर्मन जाहिराती, शेवटी स्टेशनची पाटी. आता तुम्हाला हातपाय आहेत आणि अंगावर जीन्स आहे. जीन्समध्ये या शहरात शिरायची सोय नाही. कोट, हॅट, लांब मोजे, जे काय त्या काळाचं असेल ते चढवायचं. जवळ नसेल तर फुकट मिळतं, कारण सांगायला जागा नाही.

उंचीचंही तसंच. या जगात हौसेनं घडवलेली शरीरं बहुधा सात फुटी. इथली दारं, जिने, खुर्च्या मात्र खऱ्या मापाच्या, त्यामुळे अंग आखडून माणसाएवढं व्हावं लागतं. बाहेर इतरत्र तुम्ही पक्ष्यासारखे उडू शकता, बोट टेकवून क्षणात दुसऱ्या बेटावर जाऊ शकता. इथं चालायचं. मला विचाराल तर हे शहर टिकलं ते या जाचामुळे. जिथं काहीही चालतं तिथं दुसऱ्या रात्री पुन्हा यावंसं वाटत नाही.

जो यार्डली या नावानं इथं वावरणाऱ्या एका डच इतिहासवेड्या बाईंनी २००९ साली हे बर्लिन उभं केलं. चालत राहा. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, लिंडन झाडांचा तो प्रसिद्ध रस्ता. (योगायोग बघा: कंपनीचं नाव सॅन फ्रान्सिस्कोतल्या लिंडन स्ट्रीटवरून, चलनाचं नाव लिंडन डॉलर, आणि तुम्ही उभे उंटर डेन लिंडनवर.) पण थांबावंसं वाटतं ते मागच्या गल्लीत, अंगणाला वेढून उभ्या चाळवजा इमारतींपाशी. इथल्या खोल्या लोक भाड्यानं घेतात. महाल बांधायची मुभा असलेल्या जगात माणसं खऱ्या पैशात बदलता येणारे लिंडन डॉलर मोजून कोंदट खोलीत राहायला येतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशे लिंडन डॉलर. हा भाव ऐकून इथल्या म्हाताऱ्यांना हसू येईल. १९२३च्या नोव्हेंबरात त्यांनी एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजलेत.

जिना उतरून तळघरातल्या बारमध्ये या. ‘डेर केलर’. धूर, पियानो, पाचसहा माणसं. बोलणं टाइप करायचं असतं, आणि तुम्ही टाइप करू लागलात की तुमच्या शरीराचे हात आपोआप हवेत नाचतात, न दिसणाऱ्या कळफलकावर. १९२९च्या बारमध्ये कोपऱ्यातला हॅटवाला गृहस्थ एकदम हवा बडवू लागतो, मग त्याचं वाक्य उमटतं. दहा मिनिटांत याची सवय होते.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजतो.

हा फोन पडद्यावरचा नाही. तुम्ही उचललात आणि तळघर गेलं. आता वर आरशांचे गोळे फिरतायत, पाण्याचे फवारे रंगीत दिव्यांत नाचतायत, घामाचा आणि पावडरीचा खराखुरा वास येतोय. हे ‘रेझी’, आलेक्सांडरप्लाट्झजवळचं अवाढव्य नाचघर. इथं टेबलाटेबलावर फोन आहे आणि डोक्यावर टेबलाचा क्रमांक. कुणी आवडलं तर नाव विचारायचं नाही, क्रमांक फिरवायचा. धीर नसेल तर चिठ्ठी लिहून नळीत टाकायची. हवेच्या दाबानं ती सूंऽऽ करत दुसऱ्या टेबलाशी पोचते, सोबत अत्तराची कुपीही धाडता येते. खरं नाव झाकून अनोळखी माणसाशी बोलायचं, दुरून भेटवस्तू पाठवायची... दीड वाजता तुम्ही लॅपटॉप उघडून निराळं काय करत होतात?

पोट्सडामर प्लाट्झवर जा. ‘हाउस फाटरलांट’ गेल्याच वर्षी उघडलंय. एका मजल्यावर तुर्की कॉफी, दुसरीकडे वाइल्ड वेस्टचा बार, पलीकडे जपानी चहाघर. ऱ्हाइन नदीच्या देखाव्यासमोर बसा. दर तासाला दिवे मंद होतात, गडगडाट होतो, वीज चमकते, पाऊस पडतो. टाळ्या वाजतात. तुमच्या पेल्यात थेंबही नाही. पुण्यात बसून तुम्ही बर्लिनला आलात. बर्लिनकर तिकीट काढून ऱ्हाइनला गेलेत. त्यांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

याच शहराच्या नैर्ऋत्येला, डालेममधल्या मानवशास्त्र संस्थेत, इरावती कर्वे माणसांच्या कवट्या मोजतायत. वय तेवीस. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक हा प्रबंधाचा विषय. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. मोजमापांतून तसं काही निघालं नाही, आणि निघालं नाही असंच इरावतींनी लिहिलं. रात्रीच्या शहराबद्दल त्यांना काय वाटलं असेल हे विचारायला तुम्ही डालेमची गाडी पकडाल, तर संस्था बंद असेल. पहाट व्हायचीय.

आणि इथं तुमची खरी पंचाईत सुरू होते. नाचणाऱ्यांपैकी कुणालाच हिटलरची धास्ती नाही. राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, त्याचे बाराच जण आहेत. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ते १०७ होणार हे एकट्या तुम्हाला माहीत आहे. पुरुष झगे घालून नाचतात त्या ‘एल्डोराडो’ची मोट्झश्ट्रासेवरची दर्शनी बाजू १९३३च्या मार्चमध्ये नाझी झेंड्यांनी आणि हिटलरच्या पोस्टरांनी झाकलेली असेल, हेही. ‘रेझी’त परत जाऊन तिथून फोन करणाऱ्या बाईला सांगावं? सतरा नंबरचं टेबल, हिरवी हॅट. तुम्ही क्रमांक फिरवता.

लाइन तुटते. तळघर परत येतं, पियानो तोच. ‘डेर केलर’मध्ये गोष्ट उलटी आहे: इथं प्रत्येकाला सगळं ठाऊक आहे. कॅनडातल्या पियानोवाल्याला, लीड्समधल्या वेट्रेसला, त्या हॅटवाल्याला. आणि कुणी बोलत नाही. भाडं भरतात, स्टोव्हच्या कोळशाची तक्रार करतात, उद्या काय गायचं ते ठरवतात. याला पळपुटेपणा म्हणावं असं आधी माझ्याही मनात आलं होतं. पण सगळे हातातली गोष्ट लपवून वावरतात, तेव्हा खोलीत एक जडपणा असतो. तो इतिहासाच्या पुस्तकात मला सापडला नव्हता.

तरी तुम्हाला राहवत नाही. तुम्ही लिहायला घेता: येत्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला शेअर बाजार... थांबता. एकेक अक्षर खोडता.

ओळ कुणालाच दिसली नाही. पण तुमचे हात बराच वेळ हवेत हलले ते सगळ्यांनी पाहिलंय. पियानो थांबलाय. वेट्रेस जवळ येते.

“काही म्हणत होतात का?”

“एक बिअर,” तुम्ही लिहिता.