भूतकालीन क्षमता (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी व्याकरणात भूतकालीन क्षमता, म्हणजे एखादी गोष्ट पूर्वी करता येत होती हा अर्थ, मुख्यतः 'कुड' आणि 'वॉज एबल टू' (अनेकवचनी 'वेअर एबल टू') या दोन रचनांनी व्यक्त होतो. मराठीत दोन्हींसाठी 'शकणे' हे एकच सहायक क्रियापद पुरते. इंग्रजीत मात्र त्या नेहमीच एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

'कुड' हे 'कॅन'चे भूतकाळी रूप होय. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'जाणणे, ठाऊक असणे' असा होता. 'कुड'च्या लेखनातील अनुच्चारित 'एल' मुळातला नाही. 'वुड' व 'शुड' यांच्या साम्याने तो मागाहून शिरला.

सामान्य क्षमता आणि प्रत्यक्ष कृती

अंगी असलेले कौशल्य सांगताना 'कुड' वापरतात. उदा. 'शी कुड स्विम अ‍ॅट फाइव्ह' (पाचव्या वर्षी तिला पोहता येत असे). येथे 'वॉज एबल टू'ही चालते. मात्र विशिष्ट प्रसंगी कृती प्रत्यक्ष पार पडली, असे होकारार्थी वाक्यात सांगायचे असल्यास 'कुड' सहसा चालत नाही. बोट उलटली, तरी ती पोहत काठाला पोहोचू शकली, हे 'शी वॉज एबल टू स्विम अशोर' असे, किंवा प्रयासावर भर द्यायचा असल्यास 'शी मॅनेज्ड टू स्विम अशोर' असे सांगावे लागते. 'शी कुड स्विम अशोर' म्हटल्यास 'ती पोहत काठाला जाऊ शकेल' असा निव्वळ शक्यतेचा अर्थ निघू शकतो, आणि ती वाचली की नाही हे कळतच नाही.

नकारार्थी वाक्यात हा भेद उरत नाही. 'कुडन्ट' दोन्ही अर्थांनी चालते. पाहणे, ऐकणे, वास येणे, समजणे, आठवणे या अर्थांच्या क्रियापदांबरोबर होकारार्थी 'कुड'ही एका प्रसंगापुरते वापरता येते. 'आय कुड हिअर द ट्रेन' याचा अर्थ गाडीचा आवाज खरोखर ऐकू येत होता, असाच होतो. क्षमता होती पण ती वापरली गेली नाही, हे 'कुड हॅव' या रचनेने दर्शवतात: 'शी कुड हॅव वन' (ती जिंकू शकली असती).

मराठीशी तुलना

हाच भेद मराठीत क्रियापद न बदलता त्याच्या रूपाने दाखवला जातो. 'पोहू शकत असे' किंवा 'पोहता येत असे' ही सामान्य क्षमता. 'पोहोचू शकली' किंवा 'पोहोचता आले' ही सिद्धीस गेलेली कृती. त्यामुळे 'शकली'चे सरसकट 'कुड' असे भाषांतर करणे ही मराठीभाषक विद्यार्थ्यांची स्वाभाविक चूक ठरते. वास्तविक मराठी वाक्यात 'शकत असे' बसते की 'शकली', एवढे पाहिले तरी बहुतेक ठिकाणी योग्य इंग्रजी रचना निवडता येते.

क्षमतावाचक क्रियापदाच्या पूर्णतादर्शक रूपातून कृती घडल्याचाच अर्थ का निघतो, हा प्रश्न भाषाविज्ञानात राजेश भट्ट यांनी 1999 साली हिंदी व ग्रीक भाषांतील उदाहरणांच्या आधारे मांडला.