हवी होती की हवी झाली?



यंदा दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी मंदिरातून घरी आलो, तर नात मोबाइलवर कुर्ते बघत बसली. "आजी, सेल आजच संपतोय गं!" मी रागावले नाही. तिच्या वयात माझंही असंच झालं होतं. आणि या गोष्टीची सुरुवात ज्या मोजक्या शहरांत झाली, त्यांत आपलं नागपूर आहे.

१९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. सिनेसंगीत हलकं असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गेलीच. मग लोकांनी रेडिओ सिलोन लावलं. दर बुधवारी रात्री अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. बिनाका ही टूथपेस्ट! ज्या घरांत राखुंडीने दात घासत, तिथेही गाण्यांच्या जोडीने पेस्टचं नाव पोहोचलं. सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली, पण तीवर दहा वर्षं जाहिरात नव्हती. पुढे चंदा समितीने शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर जाहिराती वाजू लागल्या.

मी तेव्हा लहान होते. अभ्यासाचे पाढे चुकायचे, पण जाहिरातींची गाणी तोंडपाठ.

पुढे बी.कॉम. करताना नफा-तोटा पत्रकात 'जाहिरात खर्च' लिहायला शिकले. तो खर्च शेवटी वस्तूच्या किमतीतच येतो, म्हणजे भरतो आपणच. रेडिओसाठी पोस्टात परवान्याचे पैसेही आपणच भरत होतो. मग केंद्र जाहिरातदाराला विकत काय होतं? आपलं ऐकणं. म्हणजे त्या व्यवहारात गिऱ्हाईक तो जाहिरातदार होता आणि माल आपण होतो. हे मला त्या वयात कळलं नाही. हिशेब शिकूनही कळलं नाही.

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली. छोट्या कुटुंबाचा संदेश घराघरांत जावा, हा तिच्यामागचा एक हेतू होता. प्रायोजक होते मॅगी नूडल्स, तेव्हा बाजारात अगदी नवे. आपण तर उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वाळवणाऱ्या बायका! तरी मुलं ते पाकीट मागू लागली. त्याच वर्षीच्या 'ये जो है जिंदगी'ला विको कंपनीचं प्रायोजकत्व होतं. विकोचे संस्थापक केशव पेंढरकर मूळचे नागपूरचे, इथे त्यांचं छोटं दुकान होतं. तेव्हा जाहिरात करणारा प्रत्येक जण वाईट, असं मी म्हणणार नाही. चांगली वस्तूही लोकांना सांगावीच लागते.

प्रश्न आपला आहे. माझ्या सासूबाईंचं परिग्रहपरिमाण होतं. बारा साड्या, त्यापुढे नाही. नवी आली की एक कोणाला तरी द्यायची. मी नवी सून. मालिकेतल्या नायिकेची साडी बघून तशीच एक घेतली आणि पेटीच्या तळाशी लपवली. महिनाभराने ती त्यांच्या हाती लागली. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सूनबाई, ही तुला हवी होती, की कोणी दाखवली म्हणून हवी झाली?" मला उत्तर देता आलं नाही. ती साडी मी कधी मनापासून नेसले नाही.

अक्षय तृतीयेचंच बघा. भगवान ऋषभदेवांना दीर्घ उपवासानंतर राजा श्रेयांसाने हस्तिनापुरात उसाचा रस दिला, म्हणून हा आपला दानाचा दिवस. आज त्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडलं की पानभर सोन्याच्या जाहिराती. देण्याचा दिवस घेण्याचा कधी झाला, आपल्याला कळलंही नाही. घरातल्या मुलींना आता आहारदानाची कथा आधी आठवते की सोन्याचा भाव?

रेडिओ सगळ्यांना एकच जाहिरात ऐकवायचा. मोबाइल मात्र नातीने काल काय पाहिलं ते लक्षात ठेवून आज तेच पुढे करतो. त्यामुळे तिची परीक्षा माझ्यापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करते.

त्या रात्री तिला साडीची गोष्ट सांगितली. ती हसली, मग थोडी गप्प झाली. चारातले तीन कुर्ते तिने काढून टाकले, एक ठेवला. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

आता आमच्या घरी एक वही ठेवली आहे. जे हवंसं वाटेल ते तारखेसह लिहायचं आणि पुढच्या चतुर्दशीपर्यंत थांबायचं. तोवर आठवण राहिली, तर घ्यायचं. गेल्या पानावर माझ्याच नावाने पाच वस्तू आहेत. त्यांतल्या चार कशासाठी लिहिल्या होत्या, ते मलाच आठवत नाही.

तुम्हीही करून बघा.

जय जिनेंद्र.