चुकलेल्या नाण्याची किंमत

गेल्या रविवारी सकाळी सकाळी काकांचा फोन. "अरे, तुझं ते भिंग घेऊन ये. पाच रुपयाचं नाणं सापडलंय, चुकीचं छापलेलं. एक माणूस दोन लाख द्यायला तयार आहे!" पुढचं वाक्य जरा हळू आवाजात होतं. त्या माणसाला आधी 'रजिस्ट्रेशन'चे २१०० रुपये पाठवायचे होते. काकांनी तोवर मनातल्या मनात गावच्या घराची कौलं बदलूनही टाकली होती.

मंडळी, नाण्यांचा नाद मला शाळेपासूनचा. त्यामुळे असे फोन येतात, आणि दरवेळी मला फिलाडेल्फियाची टांकसाळ आठवते. साल १९५५.

झालं असं, की नाणं ज्या पोलादी ठशाने पाडतात ती डाय स्वतःही एका मूळ ठशाच्या दाबाने तयार होते. त्या काळी एका दाबात काम भागत नसे. एकदा दाबायचं, पोलाद तापवून मऊ करायचं, परत दाबायचं. एक सेंटच्या एका डायवर दुसरा दाब किंचित फिरून बसला. झालं! साल आणि कडेची अक्षरं दोन-दोनदा उमटली, अगदी नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी. चूक लक्षात आली तोवर ती नाणी इतर चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. एवढा ढीग वितळवायचा, की जाऊ द्यायचा? जाऊ दिला. अशी वीसेक हजार नाणी बाहेर पडली असा अंदाज आहे. त्यातली बरीच सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती आली. मशीनमध्ये २५ सेंट टाकायचे, पाकीट २३ चं, म्हणून सुट्टे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घातलेले असत. आज त्यातलं बरं नाणं हजार डॉलरच्या पुढे जातं.

का? आमच्या भाषेत सांगायचं तर डायमधली चूक म्हणजे सोर्स कोडमधला बग. प्रत्येक कॉपीत तस्साच. म्हणून तिला नाव देता येतं, कॅटलॉगात नोंदवता येतं, खरी-खोटी ताडून बघता येते. शिवाय ती भिंगाशिवाय दिसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती हवी असणारी माणसं होती. अमेरिकेत दर सालासाठी एक भोक असलेले पुठ्ठ्याचे अल्बम १९३० च्या दशकापासून मिळत होते, आणि लिंकनचा सेंट जमवणारे गल्लोगल्ली होते.

गंमत पुढेच आहे. त्याच १९५५ सालच्या इतर काही सेंटवर शेवटचा ५ जरासा दुहेरी दिसतो. ती झिजलेल्या डायची करामत. तिला 'गरिबांची डबल डाय' म्हणतात आणि किंमतही नावासारखीच. साल तेच, दोषही वरवर तसाच, पण डाय झिजणं हे टांकसाळीत रोजचं.

असो. काकांच्या नाण्यावर आकड्यापासून कडेपर्यंत एक रेघ होती. भिंगातून पाहिली, तर उठावाची निघाली. रेघ खोल असती तर खिशातल्या किल्लीचा ओरखडा म्हटलं असतं. उठावाची म्हणजे डायला तडा गेला होता आणि धातू त्यात शिरला होता.

"म्हणजे टांकसाळीचीच चूक ना!" काका खूश.

"हो काका, पण असे तडे नेहमीचेच. पाचाचे फार तर पन्नास येतील, तेही कुणी हौशी भेटला तर."

"आणि सालाखालचा हा हिरा?"

"ती मुंबई टांकसाळीची खूण. हैदराबादचा तारा असतो, नोएडाचा ठिपका."

मग २१०० चा विषय काढला. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी फी, कमिशन, टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. ते पत्रक मोबाइलवर उघडून दाखवलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "पण नाणं खोटं नाही ना?"

"छे! अगदी खरं आहे. पाच रुपयांचं."

नाणं त्यांनी परत डबीत ठेवलं. कौलांचं काय ते पावसाळ्याआधी बघू. त्यातले २१०० तरी शाबूत आहेत.