जायफळाच्या बेटांवर जाण्याआधी

वाचकहो, मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बेळगावात पस्तीसहून अधिक वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा साधा बी.एच.एम.एस. डॉक्टर आहे. इतिहासवाचन हा दवाखान्याचे शटर ओढल्यानंतरचा माझा छंद. मंडळाने या मालेसाठी विषय विचारला, तेव्हा घरात एका सहलीची आखणी चालली होती. त्या आखणीतूनच हा विषय निघाला, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

धाकट्या मुलीने एके दिवशी जेवताना माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला होता स्कूबा डायव्हिंगसाठी लागणारा वैद्यकीय दाखला. "पप्पा, यावर डॉक्टरची सही हवी." मी म्हटले, घरच्या माणसाला घरच्या डॉक्टरने पास करू नये, कान, फुफ्फुसे आणि हृदय बाहेर नीट दाखवून ये. दुसरा कागद होता प्रवासाचा कार्यक्रम. इंडोनेशियातल्या अंबोन बंदरातून निघायचे, अकरा रात्री जहाजावरच राहायचे, तिथेच जेवायचे, झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा समुद्रात बुडी मारायची. याला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. जिथे हॉटेल नाही, धक्का नाही, अशा दूरच्या ज्वालामुखी बेटांपर्यंत पोचण्याचा डायव्हरांचा हाच मार्ग.

कागदावर बेटांची नावे होती: बांदा नेइरा, गुनुंग अपी, आय, रुण, हत्ता, मानुक. प्रत्येक ठिकाणी किती मीटरवर कोणते मासे दिसतील, ते बारकाईने दिले होते. इतिहासाला मात्र एकच ओळ होती: मसाल्यांच्या शोधात जगभरचे व्यापारी इथे आले. ओळ खोटी नाही. पण ते आल्यावर काय झाले, हे तिच्यात नाही. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याबद्दल.

ही बेटे आहेत तरी कुठे? जावापासून पूर्वेला सुमारे दोन हजार किलोमीटर, सेराम बेटाच्या दक्षिणेला, खोल समुद्रातून वर आलेला दहा-अकरा चिमुकल्या बेटांचा पुंजका. मधोमध गुनुंग अपी, म्हणजे 'अग्निपर्वत', साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच. त्याच्या राखेने सुपीक झालेल्या मातीत, कनारीच्या उंच झाडांच्या सावलीत, एक झाड वाढते. त्याचे फळ पिकून उकलले की आत लाल जाळी दिसते, ती जायपत्री. जाळीच्या आत कवच आणि कवचात बी, ते जायफळ.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातले खरे जायफळ जवळजवळ सगळे या एका पुंजक्यातून येत असे. आपल्या वैद्यांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. संस्कृतातले जातीफल तेच आपले जायफळ. आठवून पाहा, बाळगुटी देताना आजीने सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर कशाचे वेढे दिले होते? आपल्यापैकी कितीतरी जणांच्या जिभेवर जायफळ आधी आले, मराठी नंतर आली. पुढे श्रीखंडात आले, पुरणात आले, आणि माझ्या दवाखान्याच्या कपाटात 'नक्स मॉस्काटा' या लेबलाच्या बाटलीत येऊन बसले.

आमच्या जैन घरात चुलीपाशी काय येते याची तपासणी फार. कंदमूळ नको, पाणी गाळून, धान्य निवडून, जेवण सूर्यास्ताआधी. पण जायफळ कुठून आले, कोणाच्या हातून आले, हे चार पिढ्यांत कुणी विचारले नव्हते. मीही नाही. मुलीचा कागद वाचेपर्यंत.

सहलीच्या आखणीतला पहिला प्रश्न असतो, केव्हा जायचे? जून ते ऑगस्ट आग्नेयेचे वारे समुद्र खवळून टाकतात, जानेवारी-फेब्रुवारीत वायव्येचे. म्हणून डायव्हर जातात ते वारे बदलण्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या सुमारास नाहीतर सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. जुन्या व्यापाऱ्यांचे पंचांगही याच वाऱ्यांनी ठरे. फरक इतकाच की डायव्हर वारा टाळतो आणि शिडाचे जहाज वाऱ्यावरच चाले. पश्चिमेच्या वाऱ्यावर जावाहून बांदाला यायचे, वारा उलटण्याची वाट पाहायची, आणि पूर्वेच्या वाऱ्यावर परतायचे. येताना तांदूळ आणि कापड, जाताना जायफळ. या कापडात गुजरात आणि कोरोमंडलच्या मालाला मोठा मान होता. बांदात राजा नव्हता. गावोगावचे 'ओरांग काया', म्हणजे प्रतिष्ठित वडीलधारे, एकत्र बसून व्यवहार ठरवत.

या व्यवहारात युरोप शिरला तो आपल्या शेजारच्या दारातून. आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का जिंकले आणि तिथून लगेच मसाल्याच्या बेटांकडे जहाजे धाडली. १५१२ मध्ये पोर्तुगीज बांदाला पोचले. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात जायफळ आणि जायपत्रीची चर्चा केली आहे. पोर्तुगिजांनी बांदाचा माल विकत नेला, पण बेटांवर त्यांना सत्ता बसवता आली नाही.

डच १५९९ मध्ये आले आणि १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. कंपनीने ओरांग कायांकडून करार लिहून घेतले की जायफळ फक्त आम्हालाच विकायचे, तेही ठरल्या भावाने. बांदाच्या लोकांची अडचण समजून घ्या. बेटावर भात पिकत नाही. तांदूळ आणणाऱ्या जावाच्या व्यापाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवले, तर पुढच्या हंगामात तो येईल कशाला? त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना आणि इंग्रजांना माल देणे चालू ठेवले. कंपनीच्या हिशेबात हा करारभंग ठरला. १६०९ मध्ये डच नौदलप्रमुख फेरहूफेन बांदाच्या लोकांच्या हल्ल्यात मारला गेला. त्याच्या ताफ्यात यान पीटरझोन कून नावाचा एक तरुण व्यापारी होता. तो ही गोष्ट विसरला नाही.

पुढे कून गव्हर्नर-जनरल झाला आणि १६२१ मध्ये मोठा ताफा घेऊन बांदावर उतरला. सोळाशेंहून अधिक डच सैनिक, शिवाय जावाचे लोक आणि भाडोत्री जपानी तलवारबाज. लोंथोर बेट पडले. ८ मे १६२१ रोजी नेइराच्या नासाऊ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग कायांना कोंडून जपानी तलवारींनी त्यांची मुंडकी उडवली. हे पाहणाऱ्या एका डच अधिकाऱ्यानेच ते विषादाने लिहून ठेवले आहे. उरलेले लोक डोंगरात पळाले. काही उपासमारीने गेले, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, शेकडो जणांना गुलाम करून बटावियाला नेले. बेटांची लोकसंख्या आधी पंधरा हजारांच्या आसपास असावी आणि नंतर जेमतेम हजार उरली, असा अंदाज सहसा दिला जातो. आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहे. समाज मोडला, यावर नाही.

मग कंपनीने जमिनीचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा म्हणजे 'पेर्क', एकूण ६८. ते चालवायला युरोपीय मालक नेमले आणि राबायला गुलाम आणले. या गुलामांत गुजरात, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरचे लोकही होते. जायफळ आपल्याकडे येत होते, तेव्हा आपल्याकडची माणसे तिकडे जात होती, आणि ती परत येत नव्हती.

त्या कागदावरचे रुण बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. नथॅनियल कोर्टहोप या इंग्रजाने मूठभर माणसांनिशी ते १६१६ पासून जवळजवळ चार वर्षे डचांविरुद्ध धरून ठेवले आणि १६२० मध्ये तो मारला गेला. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रुणवरचा हक्क इंग्रजांनी सोडला आणि डचांकडून घेतलेले मॅनहॅटन त्यांच्याकडेच राहिले. ही अदलाबदल गमतीने सांगितली जाते. मला तिची गंमत वाटत नाही. दोन्ही बेटांवर मूळ राहणारे होते, आणि तहाच्या वेळी त्यांना कोणी विचारले नाही.

मक्तेदारी अखेर रोपट्यांनी मोडली. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीने जायफळ मॉरिशसला पोचले. पुढे नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत इंग्रजांनी बांदा घेतले, तेव्हा त्यांनी पिनांग, श्रीलंका अशा आपल्या ताब्यातल्या मुलखांत रोपे नेली. आज आपल्या श्रीखंडातले जायफळ केरळ-कोकणातलेही असेल. पण त्या झाडाचे मूळ गाव बांदाच.

या बेटांनी आणखी एक काळ पाहिला. डच सरकारने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचे दोन पुढारी, मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर, यांना १९३६ ते १९४२ या काळात बांदा नेइरात हद्दपार करून ठेवले. तिथे त्यांनी मुलांना शिकवले. पुढे हत्ता देशाचे पहिले उपराष्ट्रपती झाले आणि शाहरीर पहिले पंतप्रधान. कागदावरचे 'हत्ता बेट' हे नाव त्यांच्यावरूनच आले. मुलीला ते एखाद्या माशाचे नाव वाटले होते.

आता पाण्याखाली येऊ. मे १९८८ मध्ये गुनुंग अपीचा उद्रेक झाला. लाव्हा समुद्रात उतरला आणि खालचे प्रवाळ जाळून गेला. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना उठावे लागले. पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी बुड्या मारून पाहिले, तर त्या ताज्या काळ्या खडकावर प्रवाळाच्या १२४ जाती वाढल्या होत्या आणि काही ठिकाणी साठ टक्क्यांहून अधिक खडक झाकला गेला होता. प्रवाळ इतक्या वेगाने परत येते, याचे त्यांनाही नवल वाटले. डायव्हर आज मुद्दाम तिथे जातात, आणि जावेच.

माणसे मात्र प्रवाळासारखी परत येत नाहीत. १६२१ मध्ये होड्यांतून निसटलेले काही बांदावासी पूर्वेला साडेतीनशे किलोमीटरवरच्या केई बेटांवर पोचले. तिथे बांदा-एली आणि बांदा-एलात ही त्यांची गावे आजही आहेत. बांदाची मूळ भाषा आज बांदात कोणी बोलत नाही. तिथे मलायचे एक रूप चालते. ती भाषा या दोन गावांत चारशे वर्षे बोलली जात आहे.

वाचकहो, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा किंवा आमचे बेळगाव, आपण सगळे मराठीच्या मुख्य मुलखाबाहेर किंवा कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक आहोत. त्यांच्याशी आपली बरोबरी मी करणार नाही. आपल्यावर तसा प्रसंग आलेला नाही, आणि आपल्यामागे मराठी बोलणारा मोठा मुलूख उभा आहे. त्यांच्यामागे कोणी उरले नव्हते. तरीही त्यांनी भाषा टिकवली ती कोणत्या ग्रंथालयाच्या बळावर नव्हे, घरात बोलून. आपल्या घरांत नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मीही विचारले, आणि उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

आता सहलीबद्दल, कारण आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे जातीलच. डॉक्टर म्हणून सांगतो. पाण्यात दर दहा मीटरला हवेचा दाब एक वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत मुरतो. घाईने वर आले तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. यावर उपाय म्हणजे प्राणवायू आणि दाबाची कोठडी. माझ्या कपाटातली एकही बाटली तिथे चालणार नाही, हे होमिओपॅथ म्हणूनच स्पष्ट सांगतो. मानुक बेट नेइरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि नेइरापासून अंबोन आणखी दोनशे. म्हणून जहाजावर प्राणवायू किती तास पुरेल, सर्वांत जवळची चालू कोठडी कुठे आहे आणि विम्यात तिथवर नेण्याचा खर्च धरला आहे का, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. शाकाहार आणि जेवणाची वेळ यांचे आचाऱ्याशी आधी बोलावे. आणि शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास, शक्यतो पुरा दिवस, विमानात बसू नये.

हाच दिवस मला कामाचा वाटला. जहाजांच्या कार्यक्रमात तो बहुधा आराम आणि खरेदीत जातो. मी मुलीला सुचवले, शेवटची बुडी आदल्या दुपारी संपवा आणि तो दिवस नेइराला द्या. नासाऊ किल्ल्याचे अवशेष पाहा, वरचा पंचकोनी बेल्जिका किल्ला पाहा, हत्तांचे घर पाहा, आणि १६२१ च्या मृतांचे स्मारक असलेली पारिगी रांते ही विहीर पाहा. रात्री जहाज अंबोनला निघेल, आणि तोवर अंगातला नायट्रोजनही निघून जाईल.

तिने जहाजवाल्यांना तसे कळवले. बरोबरच्या दहा जणांपैकी सहा जणांनी होकार दिला, चौघांना आणखी एक बुडी हवी होती. शेवटी दिवस सहा जणांच्या मताने ठरला. जाताना तिने विचारले, "पप्पा, तिथून काय आणू?" मी म्हटले, जायफळ आण. श्रीखंडात घालू, आणि घालताना मुलांना ते कुठले आहे ते सांगू. मराठीत सांगू.